दीर्घकालीन वेदनेमुळे येणारे नैराश्य कसे हाताळावे?

अनेक महिन्यांच्या दुखण्याने आता मनही खचले आहे, ते कसे सावरावे, असा आपला प्रश्न आहे. 3 महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते, आणि तिच्यासोबत नैराश्य येणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. वेदना आणि मनःस्थिती यांचे नियमन करणारी मेंदूतील यंत्रणा बऱ्याच अंशी सामाईक असल्यामुळे एक बिघडले की दुसरेही बिघडते, आणि झोप उडाली की दोन्ही. म्हणूनच ड्युलोक्सेटीनसारखे नैराश्यावरील औषध काही प्रकारच्या वेदनांवरही दिले जाते. ते लिहून दिले म्हणजे डॉक्टरांनी आपले दुखणे मनाचे खेळ ठरवले, असा अर्थ काढू नये.

व्यवहारात खरा घात करतो तो बरा दिवस. त्या दिवशी साचलेली सगळी कामे एका दमात उरकली जातात, पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात आणि वर अपराधीपणाही छळतो. त्याऐवजी 10 मिनिटे काम आणि 5 मिनिटे विसावा असे काहीसे प्रमाण घड्याळ लावून, बरे वाटत असतानाही, पाळावे. हे कंटाळवाणे आहे, पण उपयोगी पडते. घरच्यांना ‘ठीक आहे’ म्हणत राहण्यापेक्षा ‘आज मला फार वेळ उभे राहता येणार नाही’ असे नेमके सांगावे.

दोन आठवडे कशातच रस वाटला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणेच नकोसे वाटू लागले, तर मात्र एकटे न राहता त्याच क्षणी मदत मागावी.