‘सवय होईल’ म्हणजे नक्की काय होईल?

“मॅडम, एवढंच सांगा, कानातलं हे आयुष्यभर असंच वाजत राहणार का?” खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने विचारलं. वय २२. शेजारी आई, आईच्या मांडीवर तपासण्यांची फाइल. (ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदललेत. प्रश्न मात्र तिचाच आहे, आणि तिच्या वयाच्या इतक्या जणांनी मला तो विचारलाय की मी मोजणं सोडून दिलंय.)

चार महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमात ती तीन तास स्पीकरच्या भिंतीसमोर नाचली होती. घरी आली तेव्हा कानांना दडे बसले होते आणि बारीक शिट्टी वाजत होती. असं पूर्वीही व्हायचं, सकाळपर्यंत जायचं. या वेळी दडे गेले, शिट्टी राहिली. बाहेर आवाज नसताना कानात असं वाजत राहण्याला टिनिटस म्हणतात. डॉक्टरांनी कान पाहिले. मळ नाही, पडदा ठीक. श्रवणचाचणीचा आलेख ४००० हर्ट्झच्या आसपास जरासा खाली घसरलेला, मोठ्या आवाजाचा मार खाल्लेल्या कानात घसरतो तसा. बाकी नॉर्मल. “काळजीचं काही नाही, सवय होईल,” म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या वाक्यावर माझा जुना राग आहे. खोटं नाही ते, पण अर्धं आहे. सवय कशी होते आणि कशामुळे होत नाही, हे कुणी सांगत नाही. मग पोरं तो उरलेला अर्धा भाग रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधत बसतात.

मी कानाची डॉक्टर नाही, या त्रासाभोवतीच्या विचारांवर आणि सवयींवर काम करते. तरी मीही आधी फाइलच पाहिली. आवाज एकाच कानात आहे का? नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो का? चक्कर येते का? यातलं काही असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे परत. आणि एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे उशीर महागात पडतो. हिच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

मग मी तिला विचारलं, “कालचा दिवस सांग. उठल्यापासून.”

डोळे उघडले की पहिलं काम, आवाज आहे का ते ऐकायचं. बाथरूममध्ये दार लावून दोन्ही कानांत बोटं घालायची, कालपेक्षा वाढलाय का बघायचं. मग दिवसभर तेच, तीस-चाळीस वेळा. बाहेर पडताना कानांत बोळे, कारण आणखी काही बिघडायला नको. मैत्रिणींकडे जाणं बंद. गाणी बंद. एक खोकाभर गोळ्या मागवलेल्या, झिंक आणि कसल्या कसल्या पानांचे अर्क. रात्री सगळं बंद करून अंधारात पडायचं आणि शांततेची वाट बघायची. शांतता काही यायची नाही. सकाळी आई पहिला प्रश्न विचारणार, “आज कसाय गं आवाज?”

“झोपून उठूच नये असं वाटतं कधीकधी,” ती म्हणाली. आईकडे न बघता.

अशा वाक्यावरून मी पुढे जात नाही. आईला बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का, काही ठरवलंयस का. ठरवलेलं नव्हतं, पण थकून गेली होती. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यायची, असा विचार पुन्हा आला तर कुणाला उठवायचं, हे आधी ठरलं, कान नंतर. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असं काही येत असेल तर त्याने आजच घरातल्या एका माणसाला किंवा डॉक्टरला सांगावं. विचारल्याने किंवा सांगितल्याने असे विचार वाढत नाहीत, हे मी तिच्या आईलाही सांगितलं.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. श्रवणतज्ज्ञांकडून तिचा आवाज मोजून आला होता. मशीनमधले सूर एकेक ऐकवत ‘हा तुझ्या आवाजासारखा आहे का’ असं विचारून हे जुळवतात. तिला कानात विमान उडाल्यासारखं वाटायचं, आणि कागदावर काय, तर त्या सुरात तिला जेमतेम ऐकू येतं त्याच्या फक्त ७ डेसिबल वर. बहुतेकांचं असंच निघतं. मला वाटलं, ऐकून हिला हायसं वाटेल. तिचे डोळे भरले. “म्हणजे मी नाटक करतेय?”

मी माफी मागितली. बरोबर आकडा चुकीच्या वेळी सांगितला की असं होतं. मग त्या आकड्याचा खरा अर्थ सांगायला लागले.

कानाच्या आत, शंखासारख्या वळ्यांच्या नळीत, आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या पेशी किंवा त्यांना जोडलेल्या नसांची टोकं दुखावतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. त्या सुरांच्या पट्टीतून मेंदूकडे खबर कमी यायला लागते, तेव्हा मेंदू स्वतःचं बटण वाढवतो, रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की आपण आवाज मोठा करतो तसं. मग स्टेशनऐवजी खरखरच मोठी ऐकू येते. इथवर कानाची गोष्ट. पण तेवढ्याने कुणाची झोप उडत नाही.

“पावसात झोप लागते का तुला?” मी विचारलं.

“मस्त लागते.”

“आणि नळ टपकत असेल तर?”

ती जरा थांबली. “नाही लागत.”

पाऊस नळाच्या कितीतरी पट मोठा. पण पाऊस आपल्याकडे काही मागत नाही. नळ म्हणतो, ऊठ, बघ, बंद कर. तिने कानातल्या शिट्टीचा नळ करून ठेवला होता. सतत तपासून, मोजून, घाबरून ती मेंदूला रोज सांगत होती की ही धोक्याची घंटा आहे, हिच्यावरून लक्ष काढू नकोस. आणि मेंदू बिचारा आज्ञाधारक. ‘सवय होईल’चा अर्थ हा, की नळाचा पुन्हा पाऊस होतो. आवाज जाईलच असं नाही. तो मागायचं थांबतो.

तिला पटलं असं मी म्हणणार नाही. “पण नॉर्मल माणसाला तर शांतता असते ना!” ती म्हणाली.

म्हणून तिसऱ्या भेटीत आईला आत बोलावलं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन नावाच्या दोघा संशोधकांनी ऐकू चांगलं येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवलं होतं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं होतं. ९४ टक्क्यांनी काही ना काही आवाज लिहिले, गुणगुण, सूं सूं, शिट्टी. माझी खोली काही तशी नाही. तरी दार-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पाच मिनिटं तिघी गप्प बसलो. मग आईच घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, “अगंबाई, मलापण येतंय काहीतरी. सूंऽऽ असं.”

मुलगी हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

तिचा आवाज आईच्या आवाजाइतकाच किरकोळ होता, असं मला यातून सुचवायचं नव्हतं. मागच्या चुकीने मी शहाणी झाले होते. तिचा मोठा होता, मान्य. पण ज्या संपूर्ण शांततेसाठी ती रात्र रात्र जागत होती, ती आईकडेही नव्हती, हे तिने ऐकलं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. रात्रीची शांतता आम्ही सोडून दिली. पंखा, किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरवर पावसाचा आवाज, शिट्टीपेक्षा थोडा हळू. शिट्टी पार बुडवायची नाही, कारण जे ऐकूच येत नाही त्याची सवय कशी होणार? घरात आणि साध्या रस्त्यावर बोळे बंद. कानाला सतत झाकून ठेवलं की तो आणखी हळवा होतो. मोठ्या आवाजाच्या जागी मात्र बोळे हवेतच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मी तिला लिहून दिली, ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ९० असेल तर फक्त ४. गोळ्यांचा खोका तिने स्वतःच बंद केला. केवळ या त्रासासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध अजून नाही, आणि अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच असली पूरकं सुचवू नका आणि विचार-वर्तन उपचार सुचवा, असं सांगितलंय.

तो उपचार म्हणजे ‘सकारात्मक विचार कर’ नव्हे. त्या सल्ल्याची मला ॲलर्जी आहे. ‘मला आता अभ्यास जमणारच नाही’ असं ती म्हणायची, तर अर्धा तास बसून बघायचं, किती जमलं. २० मिनिटं जमलं. म्हणजे वाक्य तेवढं खोटं ठरलं. तिच्या वहीत आवाजाला दहापैकी गुण द्यायचा रकाना होता. तो मी खोडायला लावला. तो रकाना म्हणजे बाथरूममधली बोटंच, फक्त कागदावर. त्याऐवजी ‘आवाज होता तेव्हा काय केलं’ एवढंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात तिथे तीनदा ‘रडले’ होतं. सहाव्या आठवड्यात एका ओळीत ‘कपाट आवरलं, मग भांडण झालं भावाशी’.

सगळ्यात कठीण गृहपाठ आईला दिला होता. सकाळचा प्रश्न विचारायचा नाही.

तिसऱ्या महिन्यात परीक्षा आणि सर्दी एकदमच आली आणि रात्री साडेबाराला मेसेज आला: ‘परत पहिल्यासारखं झालंय. सगळं फुकट गेलं.’ असं होतं. झोप मोडली, ताण आला, नाक चोंदलं की शिट्टी चढते आणि पुन्हा उतरते. मी सकाळी फोन केला. कानांत बोटं घालू नकोस आणि तीन दिवस वही चालू ठेव, एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशीच्या पानावर कानाचा उल्लेखच नव्हता. सर्दीला मात्र भरपूर शिव्या होत्या.

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं होतं ते असं: नव्याने सुरू झालेला आवाज पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांचा कमी होतो, काहींचा राहतो. तुझं कुठलं होईल ते मला सांगता येणार नाही. तुझा त्रास कमी होईल, यावर मात्र माझा भरवसा आहे.

तिचा राहिला. नऊ महिने झाले, शांत खोलीत अजून आहे. शेवटच्या भेटीत आम्ही जवळजवळ पाऊण तास बोललो ते पुढे शिकायचं की नोकरी धरायची यावर.

निघताना आई दारात थांबल्या. “मॅडम, तुमच्या त्या पाच मिनिटांपासून मलाच ऐकू यायला लागलंय. रात्री आडवं झालं की, सूंऽऽ.”

“मग काय करता?”

“काय करणार? कूस बदलते.”