छोटी चौकट लावताना
आपण स्विचर (कॅमेरा, लॅपटॉप यांची चित्रे पडद्यावर बदलून किंवा एकत्र दाखवणारे यंत्र) नुकताच हाताळू लागला आहात, त्यामुळे एका चित्रात दुसरे चित्र छोट्या चौकटीत दाखवताना तूर्त मोजक्याच गोष्टी सांभाळाव्यात.

मोठ्या चौकटीत स्लाइड आणि छोटीत वक्ता ठेवावा. छोटी चौकट पडद्याच्या रुंदीच्या साधारण चौथ्या भागाएवढी पुरते, मात्र ती जिथे बसेल तो कोपरा स्लाइडमध्ये रिकामा ठेवण्यास वक्त्याला आदल्या दिवशीच सांगावे, कारण नवखे हमखास आलेखाचे आकडे झाकतात (मीही झाकले आहेत).

- लॅपटॉपचे आउटपुट १९२० बाय १०८० पिक्सेल ठेवावे.
- आवाज चित्रामागोमाग बदलू न देता वक्त्याच्या माइकवरच कायम ठेवावा. अन्यथा चौकटींची अदलाबदल होताच भाषण मध्येच ऐकू येईनासे होऊ शकते.

जमलेली मांडणी प्रीसेटमध्ये, म्हणजे पुन्हा लगेच वापरता येईल अशी, साठवावी. किनारी, सावल्या आणि क्रोमा की (एकरंगी पार्श्वभूमी काढून तिथे दुसरे चित्र बसवणे) यांची सध्या घाई नको.