वाचकांचे प्रश्न : जिमने ठेवलेले बोटांचे ठसे

प्रश्न : आमच्या राजेंद्रनगरमधील एका जिमचे सदस्यत्व मी सोडले. हजेरीसाठी घेतलेले माझ्या बोटांचे ठसे पुसावेत असे सांगितले, तर ‘ते मशीनमध्येच राहतात’ असे उत्तर मिळाले. काय करावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : हे उत्तर मुळीच मान्य करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११च्या नियमांनी बोटांचे ठसे संवेदनशील वैयक्तिक माहितीत धरले असून, ते घेण्यापूर्वी लेखी संमती घेणे, ती मागे घेण्याची मुभा देणे आणि गरज संपल्यावर ठसे न ठेवणे व्यावसायिक संस्थांवर बंधनकारक आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही, म्हणून ही बाब मला गंभीर वाटते. संमती मागे घेत असल्याचे लेखी कळवा, पोच घ्या आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव मागा. त्याने एका महिन्यात तक्रारीचे निवारण करणे अपेक्षित आहे.