गोठ्याच्या शेणमुताने झाडांना रोग वाढतो का?

‘कुळागराला लागून गोठा बांधतोय, शेणमुताने पोफळींना रोग वाढेल का?’ असं तुम्ही विचारलंय (पोफळी म्हणजे सुपारीचं झाड, कुळागर म्हणजे त्यांची बाग). वाढतो. याच गोष्टीवरून आम्ही दोघे भाऊ दोन वर्षं धड बोललो नाही, म्हणून लिहितोय.

आमचं कुळागर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. दादाने गोठा धुतल्याचं पाणी चर काढून थेट खालच्या पोफळींना सोडलं. ‘शेण म्हणजे सोनं, ते कधी जास्त होत नाही,’ म्हणायचा. पहिल्या वर्षी झावळं इतकी काळीशार हिरवी झाली की शेजारी बघायला आले. दुसऱ्या आषाढात त्याच ओळींखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला. एक उचलली, देठाशी पाणी मुरल्यासारखा गडद डाग, वर कापसासारखी पांढरी बुरशी. कोळेरोग, म्हणजे सुपाऱ्या गळवणारा बुरशीचा रोग. दादा म्हणे फवारणी उशिरा झाली. अहो, सगळ्या बागेला एकाच माणसाने मिरगाआधी फवारलं होतं, शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना मीच कालवला होता! वरच्या ओळी बऱ्याच वाचल्या.

शेणमुतातून झाडाला नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळतं. पोफळीला वर्षाला ते 100 ग्रॅम पुरतं. त्याहून फार पाजलं की झाड लुसलुशीत होतं आणि बुरशीला आयतं सापडतं. शिवाय मूत शेणात मिसळलं की त्यातला युरिया फुटून अमोनिया सुटतो, तो जवळच्याच झाडांवर जास्त बसतो. आमच्या गोठ्यालगतच्या आंब्याच्या सालीवरचं दगडफूल गोठ्याकडच्या बाजूने साफ गेलंय, पलीकडे अजून राखाडी थर आहे. हॉलंडमध्ये गुरांच्या अशाच नत्राने जंगलाची माती आंबट होऊन ओक कमजोर पडले. 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने नत्र सोडणाऱ्या कामांना परवाने देण्याची सरकारची योजनाच रद्द केली. दादा याला परदेशी थेरं म्हणायचा.

गोठा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कुळागरापासून लांब बांधा. मूत वेगळं काढा, शेण गोबरगॅसला घाला किंवा कुजवूनच द्या. धुण्याचं पाणी एकाच ओळीत सोडू नका.

हां, नत्र रोग आणत नाही, तो पावसानेच येतो. फवारणी चुकवलीत तर गोठा नसला तरी सुपारी गळेल. आमच्या खालच्या ओळी मुळातच ओलसर, हे दादाचं म्हणणंही खरं. पण चर काढण्याआधीही त्या ओलसरच होत्या, तेव्हा एवढी गळ कधी नव्हती.

दादा, वाचत असशील तर सांगतो, तो चर मी रागाने बुजवला नव्हता. त्या आषाढात गळलेल्या सुपाऱ्या मी ओळीगणिक मोजून लिहिल्यात. वही माझ्याकडे आहे, ये आणि बघ.