बेडकाच्या त्वचेतील पेप्टाइडांपासून चिघळलेल्या जखमांवर औषध होऊ शकते का?

शक्यता खरी आहे, मात्र वाट बिकट आहे. अमेरिकी संशोधक मायकेल झॅसलॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकेतील झेनोपस बेडकाच्या त्वचेतून २३ अमिनो आम्लांची ‘मॅगेनिन’ पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) वेगळी केली. धनभारित असल्याने ती जिवाणूच्या ऋणभारित पटलाला (पेशीच्या आवरणाला) चिकटतात व त्याला छिद्रे पाडतात. घाव थेट पटलावरच बसत असल्यामुळे जिवाणूंना प्रतिरोध विकसित करणे तुलनेने अवघड जाते, आणि मला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो. मॅगेनिनवर बेतलेले पेक्सिगॅनन मलम मधुमेहींच्या पायांवरील संसर्गित जखमांसाठी तपासले गेले, परंतु १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली. जखमेच्या स्रावातील विकरे (एन्झाइम) पेप्टाइडांचे तुकडे करतात, ही मोठी अडचण असल्याने पेप्टाइडे जेलमध्ये किंवा पट्टीत टिकवून हळूहळू सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत.