शनिवारचा रिपोर्ट

जूनच्या पहिल्या पावसात ते दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आले. छत्री दाराबाहेर ठेवली, बसायच्या आधीच मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "मॅडम, हे आधी वाचा." व्हॉट्सअॅपवर आलेला फॉरवर्ड होता. २०३० पर्यंत ८० टक्के प्रोजेक्ट मॅनेजर घरी बसणार, असं त्यात लिहिलेलं.

वय ४७. सिव्हिल इंजिनिअर, राहायला डोंबिवलीला, काम परळमधल्या एका पुनर्विकास प्रकल्पावर प्रोजेक्ट मॅनेजरचं. (नाव लिहीत नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे.) गेली अकरा वर्षं दर शनिवारी, साइटवरचे सगळे निघून गेल्यावर, ते आठवड्याचा प्रगती अहवाल लिहायचे. चार तास लागायचे. मे महिन्यातल्या एका बैठकीत मालकांनी सांगितलं की हाच रिपोर्ट आता ट्रेनी मुलगी एआयकडून दहा मिनिटांत करून घेते. "कोणी मला वाईट बोललं नाही, मॅडम. सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या." त्या रात्रीपासून त्यांची झोप गेली होती.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यानंतर हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी आला आहे. आयटीतले येतात, बँकेतले येतात. इतिवृत्त, वेळापत्रक, जोखमींची यादी, क्लायंटला पत्र हे सगळं यंत्र लिहीत असेल, तर मॅनेजर म्हणून माझी किंमत काय उरली?

फॉरवर्डचं मूळ मला माहीत होतं. गार्टनर या संशोधन कंपनीने २०१९ मध्ये, म्हणजे चॅटजीपीटी यायच्याही आधी, अंदाज वर्तवला होता की २०३० पर्यंत प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधलं ८० टक्के काम एआय करू लागेल. माहिती गोळा करणं, मागोवा ठेवणं, अहवाल देणं ही कामं. बोलणं कामांविषयी होतं, फॉरवर्ड करणाऱ्यांनी त्याची माणसं केली. मी हे सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "पण ८० टक्के काम गेलं तर पूर्ण पगार का देतील?"

प्रश्न रास्त होता, आणि "तसं काही होत नाही हो" म्हणून तो मिटवणं मला पटत नाही. मी त्यांना एक साधी वही दिली. दोन आठवडे रोज रात्री एवढंच लिहायचं: आज मी असं काय केलं, जे कुठल्याच रिपोर्टमध्ये गेलं नाही?

ती वही त्यांनी पुढच्या वेळी वाचून दाखवली. "मंगळवार. काँक्रीटची गाडी लालबागच्या कोंडीत फार वेळ अडकली. माल घट्ट व्हायला लागला होता. परत पाठवली. सप्लायर चिडला." "बुधवार. सेंट्रिंगच्या मुकादमाबरोबर चहा. काहीतरी लपवत होता. शेवटी कळलं, गावी लग्न आहे, चौदा जण एकदम जाणार. दुसरी टोळी बघून ठेवली." "शुक्रवार. रहिवाशांच्या घरभाड्याचे चेक लांबले. सेक्रेटरी आणि मालक एकमेकांशी बोलेनात. दोघांना वेगवेगळं भेटलो. सोमवारी चेक निघतील."

वाचता वाचता ते थांबले. "याला मी काम धरलंच नव्हतं. ही तर धावपळ. काम म्हणजे शनिवारचा रिपोर्ट."

इथे मला त्यांचं दुखणं सापडलं, पण त्याचं मूळ आणखी खोल होतं. वडील परळच्याच एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. हे तेव्हा चार वर्षांचे. आई सांगायची, पहिले काही दिवस ती सवयीने डबा भरायची आणि दुपारी तोच सगळे मिळून खायचे. गिरणी आणि एआय यांची कारणं अगदी वेगळी आहेत, ती एकाच तागडीत घालू नयेत, हे मी त्यांना सांगितलं. पण माणूस घाबरतो तेव्हा कारणं तपासून घाबरत नाही. बैठकीतल्या टाळ्या ऐकताना त्यांना तो भरलेला डबा दिसला होता.

मग ते दुसऱ्या टोकाला गेले. "मी त्या एआयला हात लावणार नाही. माझं काम मला येतं." इथे मात्र मी स्पष्ट विरोध केला. २०२३ मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर एक प्रयोग केला. एआयला जमणाऱ्या कामांत ते वापरणाऱ्यांनी सुमारे १२ टक्के जास्त कामं पूर्ण केली, तीही २५ टक्के लवकर, आणि दर्जाही वरचा. पण मुद्दाम त्याच्या आवाक्याबाहेरचं ठेवलेलं एक काम दिलं, तेव्हा एआय वापरणाऱ्यांची बरोबर उत्तरं १९ टक्के बिंदूंनी घसरली. चांगले हुशार लोक होते, पण सफाईदार भाषेला फसले. म्हणजे हत्यार टाकून दिलं तर तुम्ही मागे पडणार, आणि डोळे मिटून वापरलं तर तोंडावर आपटणार. कुठवर विश्वास ठेवायचा हे ओळखणं, हेच कसब.

तुमच्या साइटवर ते कोण ओळखेल, असं मी विचारलं. ते काही बोलले नाहीत, पण सोमवारी त्या मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

त्याच आठवड्यात एआयने लिहिलं, "सातव्या मजल्याचा स्लॅब पूर्ण." बैठकीच्या टिपणात मुलीने घाईत "सातवा स्लॅब, शनिवार" एवढंच टाकलं होतं. हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढे कोणते शब्द संभवतात ते मांडत जातं. मोकळी जागा त्याने शोभेल अशा वाक्याने भरली. प्रत्यक्षात शनिवारी पाऊस कोसळला आणि स्लॅब भरलाच नव्हता. प्रकल्पाची प्रगती दर तीन महिन्यांनी महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर द्यावी लागते. घर घेणारे ती वाचतात. ते वाक्य तसंच पुढे गेलं असतं तर खोटी माहिती दिल्यासारखं झालं असतं. त्यांनी ते तिथेच खोडलं. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मुलगी रहिवाशांची यादी, फोन आणि बँक खात्यांसकट, एका फुकटच्या एआय ॲपमध्ये टाकत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी न रागावता थांबवलं.

पगाराच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी दिलं, आणि जे मला दिसतं तेच दिलं. ज्यांचं काम इकडची शीट तिकडे करणं एवढंच होतं, त्यांच्या जागा खरंच धोक्यात आहेत, तिथे मी खोटा दिलासा देत नाही. तुमच्या वहीतल्या कामाला किंमत आहे, पण ते पगार देणाऱ्याला कधी दिसलंच नाही, कारण तुम्हीही ते कधी दाखवलं नाही. तेव्हा एआय शिका, सुटलेले चार तास साइटवर द्या, आणि वहीतलं रिपोर्टमध्ये आणा.

आता त्यांच्या रिपोर्टला एक जास्तीचा रकाना आहे: "स्वतः पाहिलं", तारीख आणि सही. आणखी एका पानावर त्या आठवड्यात टळलेल्या अडचणी असतात. पहिला मसुदा एआयचा, तपासणी दोघांची. मुलीने सेफ्टी शूज घेतलेत, सोमवारी सकाळी आठला ती त्यांच्याबरोबर सगळे मजले फिरते. पगारवाढ यंदा बेताचीच मिळाली. अधूनमधून रात्री दोनला जाग येते, पण पुन्हा झोप लागते.

शनिवारी ते सहाच्या लोकलने घरी जातात. पहिल्या दोन शनिवारी घरी काय करायचं तेच सुचेना, असं म्हणाले. तिसऱ्या शनिवारी वडिलांना घेऊनच परळला आले. म्हाताऱ्यांनी हेल्मेट घालून खालूनच वर पाहिलं आणि विचारलं, "आज किती माणसं कामावर?"

यांनी मस्टर न उघडता आकडा सांगितला.