शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीच्या भिंती तळाशी सहा फूट जाड ठेवण्याचा वेडेपणा का केला गेला?

आपण प्रश्नात ‘वेडेपणा’ हा शब्द वापरला नसता, तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. लोखंडी सांगाडा उपलब्ध असताना स्थापत्यकारांनी सोळा मजले विटांच्या भिंतींवर का चढवले, असे आपण विचारले आहे. हाच शब्द मी १९८६ साली अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, चार माणसांदेखत, माझ्या सख्ख्या काकांना उद्देशून वापरला होता. तो तेव्हाही चुकीचा होता आणि आपण वापरला आहे तिथेही चुकीचाच आहे.

मोनॅडनॉक म्हणजे मुळात एकमेकींना चिकटलेल्या दोन इमारती आहेत. उत्तरेकडचा अर्धा भाग बर्नहॅम आणि रूट या स्थापत्यकारांच्या जोडीने १८९१ मध्ये उभा केला आणि त्याच्याच बाह्य भिंती भारवाही विटांच्या आहेत. तळाशी सहा फूट आणि वर जाता जाता दीड फूट. दक्षिणेकडचा अर्धा भाग होलाबर्ड आणि रोश या दुसऱ्या जोडीने १८९३ मध्ये पोलादी सांगाड्यावर बांधला. उत्तर भागातही आतले मजले लोखंडी खांब-तुळयांवरच आहेत आणि वाऱ्याच्या आडव्या जोराला तोंड देण्यासाठी आत लोखंडी चौकटी घातलेल्या आहेत, त्यामुळे ‘लोखंड सोडून विटा घेतल्या’ हे आपले गृहीतकच अर्धवट आहे. पैसा बोस्टनच्या पीटर आणि शेपर्ड ब्रुक्स या भावांचा होता. पीटर ब्रुक्स यांना दर्शनी भागावर बाहेर डोकावणारी नक्षी नको होती, कारण तिच्यावर काजळी साचते आणि कबुतरे बसतात, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. विल्यम जेनी यांची होम इन्शुरन्स ही दहा मजली इमारत, जिला बहुतेक जण पहिली गगनचुंबी इमारत मानतात, ती १८८५ ची. म्हणजे बाहेरच्या भिंतींचाही भार धातूच्या सांगाड्यावर टाकण्याचा अनुभव तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. स्वतःचे पैसे घालणाऱ्या माणसाने शेकडो वर्षे पारखलेल्या विटेवर विश्वास ठेवला, तर त्याला वेडा म्हणता येत नाही. रूट यांना मात्र ही इमारत पूर्ण झालेली पाहता आली नाही. जानेवारी १८९१ मध्ये, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ते न्यूमोनियाने गेले.

आता आमच्या घराविषयी. जुने धाब्याचे घर पाडून दुमजली घर बांधायचे ठरले तेव्हा मी नुकताच स्थापत्य पदविका घेऊन आलो होतो, आणि आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, तीस वर्षे मिस्तरीकाम करून आमच्या गल्लीतली निम्मी घरे बांधून बसलेले होते. त्यांनी खालच्या मजल्याला दोन विटांची, म्हणजे अठरा इंची, भिंत सांगितली आणि वरच्या मजल्याला दीड विटांची. मी कॉलम-बीमचा आराखडा कागदावर काढून दाखवला, अठरा इंची भिंतीमुळे खोल्या किती अरुंद होतील याचा हिशेब मांडला आणि शेवटी रागाने तो शब्द उच्चारला. आप्पांनी ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला आणि एवढेच म्हणाले, “तुन्हं पुस्तक घर बांधस का?” वडिलांनी थोरल्या भावाची बाजू घेतली. माझी समजूत काढण्यासाठी मागच्या अंगाचे स्वयंपाकघर तेवढे माझ्या मर्जीने बांधायला दिले.

आप्पांनी पायाचे चर काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत, जवळजवळ सात फूट खणवले. मजूर आठ दिवस खणत होते आणि मी मजुरीचा खर्च मोजत होतो. माझे स्वयंपाकघर हलके आहे, त्याला एवढा खोल पाया कशाला, असे म्हणून मी तीन फुटांवर थांबलो आणि नऊ इंची भिंत उभी केली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघाला. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी फुटक्या आरशाची एक पट्टी तड्यावर आडवी, सिमेंटच्या दोन ठिपक्यांनी चिकटवली. पुढच्या आषाढात ती पट्टी मधोमध मोडली, म्हणजे भिंत अजून हलत होती. ती मोडकी काच नंतर सहा वर्षे तिथेच होती, कारण ती काढण्याचा धीर मला झाला नाही.

म्हणूनच मोनॅडनॉकविषयी लिहिताना लोक केवळ भिंतीच्या जाडीवर थांबतात, याचा मला राग येतो. भिंतीची जाडी ही त्या इमारतीतली दुय्यम गोष्ट आहे. खरी कथा जमिनीखाली आहे. शिकागोचा मध्यभाग मऊ चिकणमातीवर आहे, त्यामुळे रूट यांनी लोखंडी रुळांचे आडवे-उभे थर काँक्रीटमध्ये घालून रुंद, पसरट पाया तयार करण्याची पद्धत वापरली होती. इमारत आठ इंच खचेल हे बांधण्यापूर्वीच धरलेले होते. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती सुमारे वीस इंच खचली, आणि रस्त्यावरून तळमजल्यावर जायला पायरी उतरावी लागू लागली.

जाड भिंतीचा दोष मी नाकारत नाही. तळमजल्याची जागा भिंतीच खाऊन टाकतात आणि भाडे जागेचे मिळते, भिंतीचे नाही. दोनच वर्षांनी शेजारचा दक्षिण भाग सांगाड्यावर गेला, यातच त्या वादाचा निकाल आहे. आमच्या जळगावातली महानगरपालिकेची सतरा मजली इमारत विटांच्या भारवाही भिंतींवर बांधायला आज कोणी धजावणार नाही. आप्पांच्या भिंतींमुळे आमच्या मधल्या खोलीत पलंग टाकला की चालायला वाट उरत नाही, ही माझी तक्रार आजही कायम आहे. त्या बाबतीत मी बरोबर होतो आणि ते शेवटपर्यंत मान्य न करता गेले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. शिकागोची माती भाराने दबते, तर आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करू नये. फुगणारी माती हलके बांधकाम सहज उचलते आणि जड बांधकाम तिला दाबून ठेवते, म्हणूनच माझे स्वयंपाकघर तडकले. आपण खान्देशात घर बांधणार असाल, तर आधी खड्डा खणून मुरूम किती खोल आहे ते पाहा, आणि तो फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने याच मातीसाठी विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलविषयी, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या आणि तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांविषयी, अभियंत्याला विचारा. मोरीचे पाणी पायाजवळ मुरू देऊ नका.

मोनॅडनॉक आजही वापरात आहे. १९७३ मध्ये तिला शिकागो शहराच्या वारसा वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९७९ पासून तिचा जीर्णोद्धार हाती घेण्यात आला. मी ती पाहिलेली नाही. तिकडे राहणाऱ्या कोणा मराठी वाचकाने तळमजल्याच्या भिंतीची जाडी पट्टीने मोजून टाकावी, कारण आप्पांच्या मुलाला सहा फुटांवर अजून विश्वास बसत नाही आणि तो आमच्या अठरा इंची भिंतींवर तिसरा मजला चढवायला निघाला आहे.